मंगळवारच्या कहाणीतली सावत्र आई

रिसोलतनं चुलीपाशी विषय काढला, तेव्हा मुअत्तर ओतिन ओसरीच्या कडेला बसून हात धूत होत्या.

"ओतिन-आपा, एक मागू का?"

"माग ना गं."

"ती सावत्र आई येते ना कहाणीत... तेवढं जरा लवकर पुढं न्याल? गाळू नका. कहाणी अर्धवट राहिली तर वसा फळत नाही म्हणतात. पण तिथं फार रेंगाळू नका." रिसोलत पिठाची पेज ढवळत होती आणि मान वर न करता बोलत होती. "मुलाकडच्या बायका आल्यात. त्यांना माहीत नाही असं नाही. पण माहीत असणं वेगळं, आणि भरल्या घरात ऐकणं वेगळं."

"कळलं मला," मुअत्तर ओतिन म्हणाल्या. "तू निर्धास्त राहा. दोन वाक्यांत पुढं जाईन."

रिसोलतनं पदराच्या टोकानं कपाळ पुसलं आणि पहिल्यांदा हसली.

या घरात ती आली तेव्हा ओयदीन स्वतःची वेणीसुद्धा घालू शकत नव्हती, एवढीशी होती. पोरीची आई, सलोमत, आजारात गेलेली. रिसोलतला पुढं स्वतःचं मूल झालं नाही, आणि झालं नाही याची तिनं कधी वाच्यताही केली नाही. आता ओयदीनचं हनीफा-आपांच्या मुलाशी जमलं होतं. शुक्रवारी नान मोडायचे होते. दोन्हीकडच्या बायका एकत्र बसून, एकावर एक ठेवलेले दोन नान दोन्हीकडच्या वडीलधाऱ्या हातांनी मोडले की सोयरीक पक्की. मग ती मोडणं म्हणजे पाप. मुलीकडून नान आई मोडते. रिसोलतनं मुलीच्या सुखासाठी तीन मंगळवारांचा वसा घेतला होता, आणि त्यातला हा पहिला मंगळवार.

मंगळवारचा वसा आमच्याकडे सगळ्या जाणतात. पुरुषांनी घरात थांबायचं नाही. आतल्या खोलीत कापडावर पीठ पसरायचं, शेजारी दिवा लावायचा आणि वरून पडदा ओढायचा. पेज आधी विधवांना, मग आईवेगळ्या मुलींना, मग बाकीच्यांना. आणि त्याआधी ओतिननं, म्हणजे बायकांत कुराण वाचणाऱ्या जाणत्या बाईनं, कहाणी सांगायची: आईवेगळी पोर, तिची गाय, तिची सावत्र आई, आणि दुःखी बायकांच्या पाठीशी उभी राहणारी मंगळवारची बीबी. कहाणी संपली की पडदा सारून बघायचं, पिठावर काही खूण उमटली आहे का; उमटली तर बीबी येऊन गेली.

मुअत्तर ओतिन आमच्या कोकंदमध्ये कालव्याच्या अलीकडच्या सगळ्या मोहल्ल्यांना हव्या असायच्या. आवाज बारीक, पण खोलीतली कुजबुज आपोआप थांबायची. पहाटेची नमाज, मग जपमाळ, सोमवारी आणि गुरुवारी रोजा. आणि झोपण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारायचा त्यांचा नेम होता. आज माझ्या जिभेनं कुणाला दुखवलं? उत्तर आलं की दुसऱ्या दिवशी सकाळी आधी त्या घरी जाऊन माफी मागायची, मगच चहा. हा नेम त्यांनी लग्न झाल्यापासून पाळला होता.

गेल्या थंडीत मोहल्ल्याच्या बायकांच्या मंडळानं एक शिकवणी ठेवली. ताश्कंदहून एक मॅडम आल्या. चार लोकांपुढं बोलावं कसं, ऐकणाऱ्याच्या मनावर चांगला परिणाम व्हावा कसा, हे त्या शिकवणार होत्या. मुअत्तर ओतिन सगळ्यांत मागं बसल्या. बाकीच्या पोरी त्यांच्या लेकीसुनांच्या वयाच्या. मॅडमनी त्यांनाही उभं केलं, थोडं ऐकलं आणि म्हणाल्या, "आपा, तुमच्या बोलण्यात बरकत आहे. पण तुमची गोष्ट कुठंतरी लांब, जुन्या काळात घडते. ती ऐकणारीच्या घरात आणा. तिच्या डोळ्यांसमोरच्या वस्तू गोष्टीत घाला. सगळ्यांकडे बघू नका, एक चेहरा निवडा. आणि सगळ्यांत जड शब्दाच्या आधी थांबा."

त्या दिवशी मुअत्तर ओतिन घरी आल्या त्या लहान मुलीसारख्या खुशीत. आणि खरंच फरक पडला. ज्या घरी जायच्या तिथलीच चूल, तिथलाच पाळणा त्यांच्या कहाणीत येऊ लागला. बायका ढसाढसा रडू लागल्या. कालव्यापलीकडून बोलावणी आली. एक सासू तर कहाणी ऐकून घरी गेली आणि वर्षभर माहेरी बसलेल्या सुनेला स्वतः जाऊन घेऊन आली. ही गोष्ट ओतिन सगळ्यांना सांगायच्या. वाईट काय होतं त्यात? रडणाऱ्या डोळ्यांतून मनातला मळ निघतो, असं त्यांना वाटायचं. फक्त रात्रीचा प्रश्न हळूहळू मागं पडला. अंथरुणावर पडल्यावर त्यांना आठवायचं ते एवढंच, की आज किती जणींनी रुमाल काढले.

त्या मंगळवारी खोली भरली होती. भिंतीला टेकून गाद्यांवर बायका. मधोमध हनीफा-आपा, रेशमी अतलसचा झगा घालून, दोन्ही बाजूंना त्यांच्या जावा. कोपऱ्यात जुमराद, म्हणजे सलोमतची सख्खी बहीण. ती भाचीला सणावाराला भेटायची. आणि सगळ्यांत पुढं मस्तुरा-खाला. ती आमच्या मोहल्ल्यातली सगळ्यांत म्हातारी विधवा, आणि सगळ्यांत भुकेली.

"सुरू कर गं मुअत्तर," मस्तुरा-खाला म्हणाली. "मागच्या वेळी रडता रडता माझी पेज गार झाली. या वेळी आधी जेवू घाल, मग रडव."

"खाला, बीबी ऐकतेय," कुणीतरी दटावलं.

"ऐकू दे की. तीही बाईच आहे, तिलाही भूक कळते."

सगळ्या हसल्या. मुअत्तर ओतिननी बिस्मिल्ला म्हटलं आणि कहाणी सुरू केली. पोर आईवेगळी झाली, बापानं दुसरी बायको आणली. इथं त्यांना आपला शब्द आठवला. अगदी नीट आठवला. दोन वाक्यं, आणि पुढं.

पण तेवढ्यात त्यांची नजर उघड्या दारातून ओसरीवर गेली. तिथं ओयदीनचं शिवणाचं मशीन होतं, त्यावर भरतकाम अर्धं झालेली टोपी. आणि कहाणीत सावत्र आई पोरीला कापूस कातायला बसवते, तिथं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "ती म्हणाली, बस मशीनवर. टोपी भरून झाल्याशिवाय उठायचं नाही."

कोपऱ्यात जुमरादला हुंदका फुटला.

खोलीत जणू वारा फिरला. हनीफा-आपांच्या एका जावेनं रुमाल काढला, मग दुसरीनं. मुअत्तर ओतिनना ते कळत होतं. तिंबून तयार झालेली कणीक हाताला कळते तशी ती खोली त्यांना हाताला कळत होती. आता पुढं जायला हवं होतं. आता, याच वाक्यावर. त्या गेल्या नाहीत. त्या थांबल्या, कारण तिथं थांबलं की काय होतं हे त्यांना माहीत होतं. आणि थांबल्यावर डोळ्यांना एक चेहरा लागतो. खोलीत सगळ्यांत मन लावून ऐकणारा चेहरा दाराशी चहाची किटली घेऊन उभ्या असलेल्या रिसोलतचा होता.

त्याच चेहऱ्याकडे बघत त्या हलकेच म्हणाल्या, "आणि त्या बाईनं, त्या पोरीच्या केसांना, कधी तेलाचं बोटसुद्धा लावलं नाही."

खोलीभर हुंदके. आणि मग एकेक मान वळली. आधी हनीफा-आपांची, मग त्यांच्या जावांची, मग सगळ्यांची.

रिसोलत हसली. चेहऱ्याचं दुसरं काय करावं हे तिला सुचलं नसावं. तिच्या मागं ओयदीन वाडग्यांचं ताट घेऊन उभी होती. तिनं ताट खाली ठेवलं नाही, पुढंही आणलं नाही.

कहाणी पुरी झाली. पडदा सारला तर पिठावर कोंबडीच्या पायासारखी खूण दिसली, निदान सगळ्यांना दिसली. बायकांनी दुवा मागितली. निघताना हनीफा-आपांनी मुअत्तर ओतिनचे दोन्ही हात डोळ्यांना लावले. "काय वाणी दिलीय अल्लानं! माझं काळीज पिळवटलं, आपा."

रिसोलतनं ओतिनना दारापर्यंत पोचवलं. छातीवर हात ठेवून नेहमीसारखी झुकली. मुअत्तर ओतिन घाईनं जोडे घालून निघाल्या. घरी आल्यावर त्यांनी जुना प्रश्न स्वतःला विचारला आणि उत्तराची वाट न बघता जपमाळ घेतली. कदाचित तिला एवढं लागलं नसेल. हसली की ती. मणी सरकत राहिले आणि अल्लाचं एकही नाव मनाला शिवलं नाही.

सकाळी उठून माफीला जायचा नेम होता. त्या गेल्या नाहीत. चहा मात्र घेतला.

बुधवारी ओयदीन स्वतःच आली. उंबऱ्याच्या आत आली नाही.

"ये ना बेटा, बस."

"बसायला नाही आले. आई म्हणाली ओतिन-आपांना काही बोलू नकोस, त्यांच्या तोंडी कुराण असतं. मी तिचं ऐकत नाहीये, एवढं सांगते."

मुअत्तर ओतिन उभ्याच राहिल्या.

"तुम्ही तिला शब्द दिला होता. मी ओसरीवर होते, ऐकलंय मी. आज सकाळी हनीफा-आपांचा निरोप आला. शुक्रवारी नान आईनं मोडू नये, जुमराद-खालानं मोडावा. सख्ख्या रक्ताचा हात असलेला बरा म्हणे." पोरीचा आवाज चढत नव्हता, ते जास्त वाईट होतं. "मशीन मी हट्टानं घेतलं. ती नको म्हणत होती, डोळे जातील म्हणून. आणि केसांचं... तुम्हाला खरं सांगू? अजून तीच विंचरते माझे केस. घोडी झालेय मी, मला लाज वाटते, मैत्रिणी हसतात. पण सोडत नाही ती. काल नाही विंचरले. मी फणी घेऊन गेले तर म्हणाली, तूच कर बेटा, मोठी झालीस."

"ओयदीन, मी—"

"तुम्ही काय? तुम्ही छान बोललात. सगळ्या रडल्या. जुमराद-खाला अजून रडतेय."

ती गेली. मुअत्तर ओतिन बराच वेळ अंगणातल्या द्राक्षाच्या मांडवाखाली बसून राहिल्या. लाज कधी कधी अंगावर गरम पाणी पडल्यासारखी येते आणि ओसरते. ही तशी नव्हती. ही ओल्या कपड्यासारखी अंगाला चिकटून राहिली. त्यांना एकच गोष्ट पुन्हापुन्हा दिसत होती: आपल्याला शब्द आठवला होता. विसरलो असतो तर चूक म्हणता आली असती. आठवला होता, आणि रुमाल बघून आपण उतलो, मातलो.

गुरुवारी रोज्याच्या तोंडानं त्या हनीफा-आपांकडे गेल्या. हनीफा-आपांनी हाका मारून घर गोळा केलं. "या गं, या सगळ्या! ओतिन-आपा आल्यात. ही माझी धाकटी सून, मंगळवारी तिला आणायला जमलं नाही, तिला थोडं ऐकवा. तो केसांचा भाग ऐकवा."

"हनीफा-आपा, मी त्याबद्दलच आले. तुमच्याशी एकटीशी बोलायचं होतं."

सुना बाहेर गेल्या. मुअत्तर ओतिननी सगळं सांगितलं. कहाणीत मशीन नाही. ते मी घातलं. केसांचं वाक्यही माझंच. रिसोलतसारखी आई मी कोकंदमध्ये बघितली नाही.

हनीफा-आपांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुमचं मन मोठं, आपा. म्हणून सारवासारव करताय."

"सारवासारव नाही. खरंच मी घातलं."

"तुम्ही कुठं घातलंत? अल्लानं घातलं तुमच्या तोंडी! तुम्हाला ठाऊक नसताना निघालं म्हणजे खरंच असणार."

"मला ठाऊक होतं. म्हणजे, ते खोटं आहे हे ठाऊक होतं."

"हे बघा," हनीफा-आपा थोड्या अवघडल्या. त्या काही दुष्ट बाई नव्हत्या. "मला त्या बिचारीचा राग नाही. बोलायला गोड आहे, हात स्वच्छ आहेत. पण आमच्यात आता सगळीकडे बोभाटा झालाय. माझी जाऊ बाजारात सांगून आली. उद्या पोरांचं काही कमीजास्त झालं, तर लोक म्हणतील, सावत्र हातानं नान मोडला, ओतिननं सांगूनही ऐकलं नाही. मी कुणाकुणाचं तोंड धरू? आणि उद्या तुम्ही यायचंच हं. दुवा तुम्हीच मागायची, दोन शब्द बोलायचे. मार्गिलानच्या माझ्या बहिणी खास तुम्हाला ऐकायला येताहेत."

मुअत्तर ओतिन बाहेर पडल्या. पडत्या उन्हात धुळीच्या गल्लीतून चालताना त्यांना प्रथमच कळलं, की आपलं खोटं जेवढं छान बोललं गेलं तेवढं आपलं खरं बोलताच येणार नाही. खऱ्यावर कोण रडणार?

रिसोलतच्या दारावरून जायचं टाळून त्या मशिदीमागच्या बोळात वळल्या. तिथं भिंतीच्या सावलीला मस्तुरा-खाला सूर्यफुलाच्या बिया फोडत बसली होती.

"काय गं मुअत्तर, घर इकडे हललं का तुझं?"

"नाही, खाला. जरा... इकडून."

"इकडून! इकडून गाढवंसुद्धा जात नाहीत." तिनं टरफल थुंकलं. "रिसोलतकडे गेलीस का?"

"नाही. हनीफा-आपांकडे जाऊन आले. त्यांना समजावून—"

"हनीफाला कशाला? तिचं काय मोडलंस तू?" म्हातारी त्यांच्याकडे मान वाकडी करून बघत राहिली. "बाई, भांड्याला भोक चार लोकांत पाडलंस आणि ठिगळ लपूनछपून लावायला निघालीस. असं होतं का कुठं?"

"चार लोकांत काय बोलू, खाला?"

"मला काय विचारतेस? शिकवणीला तू गेली होतीस, मी नाही. घे, बिया घे. अगं हो, रोजा तुझा. मग चालू लाग."

शुक्रवारी रिसोलतच्या घरी दस्तरखान अंथरला होता. मनुके, बदाम, हलवा, सामसे, आणि मधोमध सोनेरी काठाच्या कापडात गुंडाळलेले दोन नान. मानाच्या जागेवर, दारासमोरच्या भिंतीशी, हनीफा-आपा आणि त्यांच्याशेजारी जुमराद. जुमरादला ती जागा टोचत असावी. ती सारखी गादीच्या कडेला सरकत होती. रिसोलत किटल्या घेऊन ये-जा करत होती. नवा झगा घातला होता तिनं, पण बाह्या वर सारलेल्या. आईच्या जागेवर बसायचं नाही म्हटल्यावर तिनं स्वतःला कामाला लावून घेतलं होतं. नवरी आतल्या खोलीत, रिवाजाप्रमाणे.

"ओतिन-आपा, दोन शब्द," हनीफा-आपा म्हणाल्या, आणि मार्गिलानहून आलेल्या त्यांच्या बहिणींनी रुमाल काढून मांडीवर तयार ठेवले.

मुअत्तर ओतिननी ते रुमाल बघितले.

त्यांना वाटलं होतं, बोलायला लागलो की शब्द येतील. आयुष्यभर आले होते. आज आले ते लंगडत आले. "मंगळवारी," त्या म्हणाल्या, "या घरी मी कहाणी सांगितली. त्याआधी रिसोलतनं मला चुलीपाशी... तिनं एक मागितलं. सावत्र आईपाशी थांबू नका म्हणाली. मी बरं म्हटलं. मग मी थांबले." कुणाकडे बघावं ते कळेना. त्या दस्तरखानावरच्या हलव्याकडे बघत राहिल्या. "मशीन कहाणीत नाही. ओसरीवर दिसलं म्हणून मी घातलं. केसांचंही मीच घातलं. ते खोटं आहे. तुम्ही रडत होतात, ते मला आवडत होतं. म्हणून. रिसोलतनं पोरीला... मी बघितलंय. सगळ्यांनी बघितलंय. मी खोटं बोलले आणि बीबीच्या दिव्यापुढं बोलले. रिसोलत, मला माफ कर."

एवढंच.

मार्गिलानच्या एका बहिणीनं दुसरीला विचारलं, "झालं?" आणि रुमाल परत बाहीत सारला. हनीफा-आपांचा चेहरा लाल झाला होता. "आपा, शुभ कामात हे काय मध्येच," त्या पुटपुटल्या. एक जाऊ उगाच खोकली. किटली हातात घेऊन रिसोलत दाराशी थिजल्यासारखी उभी होती, पुन्हा सगळ्यांच्या नजरांत.

आणि मग जुमराद बोलली. तिला बोलायची सवय नव्हती, त्यामुळं भांडल्यासारखं बोलली. "मी नाही मोडणार. मला काय माहीत आहे पोरीचं? ईदला येते, कापड देते, रडते आणि जाते. मंगळवारी सगळ्यांत आधी मीच रडले. बहीण आठवली म्हणून रडले. कुणी छळ केला म्हणून नाही. मला विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं, पण मला कोण विचारतं? रिसोलत, ये. इथं बस."

तिनं कापडातले नान उचलून दोन्ही हातांवर पुढं धरले.

मस्तुरा-खाला म्हणाली, "ये गं बाई. किटली काय पळून जात नाही."

रिसोलतनं किटली खाली ठेवली. दोन पावलं पुढं आली. हात झग्याला पुसले. नानांकडे तिनं असं बघितलं, की मुअत्तर ओतिनना मान खाली घालावी लागली. आणि मग ती म्हणाली, "नाही. तूच मोड, जुमराद."

"का? आता तर ओतिननं—"

"ओतिन-आपांनी सांगितलं ते सगळ्यांनी ऐकलं. पण आधीचंही ऐकलंय. संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतं. उद्या तिचं पोट दुखलं, तिच्या नवऱ्याची नोकरी गेली, तर कुणाच्या तरी मनात येईलच, नान कुणी मोडला होता? माझ्याच मनात येईल. मला माझ्या हाताची भीती घातलीय आता." तिनं वर सारलेल्या बाह्या खाली ओढल्या. "माझ्या लेकीच्या नानाला संशयाचा हात नको. तू मोड."

जुमराद हनीफा-आपांकडे बघू लागली. हनीफा-आपा काहीतरी बोलतील असं सगळ्यांना वाटलं. त्या दस्तरखानावरचे मनुके नीट करत राहिल्या. मग दोघींनी नान धरले आणि मोडले. बायका मुबारक, मुबारक म्हणाल्या. आतल्या खोलीतून काही आवाज आला नाही.

दुवा मुअत्तर ओतिननीच मागितली. पाठ होती म्हणून निभावली.

पाहुण्या गेल्यावर त्या चुलीपाशी आल्या. रिसोलत मोठ्या कढईला राख लावत होती. मुअत्तर ओतिन शेजारी बसल्या आणि त्यांनी पियाले विसळायला घेतले. रिसोलतनं नको म्हटलं नाही.

कढई घासता घासता ती म्हणाली, "मंगळवारी तुम्ही मला सगळ्यांच्या समोर उभं केलंत, आपा. आज परत केलंत. आजचं चांगल्यासाठी केलंत, मला कळतं. पण दोन्ही वेळा मला न विचारता."

हे मुअत्तर ओतिनच्या लक्षातच आलं नव्हतं. माफी मागायचं ठरलं तेव्हाही त्यांनी भरलेली खोलीच डोळ्यांसमोर आणली होती. तो एक चेहरा आणलाच नव्हता.

"अजून दोन मंगळवार आहेत," रिसोलत म्हणाली.

"दुसऱ्या कुणाला बोलाव, रिसोलत. पुलापलीकडच्या ओतिन चांगल्या आहेत. मी सांगते त्यांना."

"दुसरीला आणलं तर म्हणतील, सावत्र आई ओतिनशी भांडली. घेतलेला वसा आहे, पुरा झाला पाहिजे. तुम्हीच या." तिनं कढई उलटी घातली. "आणि तो भाग पुरा सांगा, आहे तसा. आता लवकर पुढं गेलात तर म्हणतील, माझ्यासाठी गेलात."

दुसऱ्या मंगळवारी बायका कमी होत्या. हनीफा-आपा आल्या, आता सोयरीक झाली होती. त्या भिंतीला टेकून जांभया देत बसल्या. जुमराद आली नाही. रिसोलत या वेळी दाराशी उभी राहिली नाही. ती मुअत्तर ओतिनच्या अगदी समोर, विधवांच्या मागच्या रांगेत, मांडी घालून बसली.

मुअत्तर ओतिननी बिस्मिल्ला म्हटलं. पोर आईवेगळी झाली, बापानं दुसरी बायको आणली. इथं त्यांचा आवाज इतका खाली गेला की मस्तुरा-खाला ओरडली, "मोठ्यानं! आम्ही पेजेसाठी आलोय म्हणून कहाणी ऐकू द्यायचीच नाही का?"

त्यांनी आवाज चढवला. त्यांना ते शब्द मोठ्यानं म्हणावे लागले, सावत्र आई, आणि म्हणताना वर बघावं लागलं. रिसोलत त्यांच्याचकडे बघत होती. रागानं नाही. पुढं काय येतं ते बघायला. मुअत्तर ओतिननी कहाणी जशी आहे तशी सांगितली. कापूस होता तिथं कापूस, गाय होती तिथं गाय. कुठं थांबल्या नाहीत, कुठं घाई केली नाही. प्रत्येक वाक्य त्या हातानं चाचपून मगच पुढं ठेवत होत्या.

कुणी रडलं नाही. हनीफा-आपांच्या जावेनं पियाला तोंडाशी धरून शेजारणीला सांगितलं, "मागच्या वेळी किती रंगली होती. आज नाही बाई मजा येत."

ते मुअत्तर ओतिनच्या कानांवर पडलं. आणि इतक्या सगळ्या गोष्टींनंतरसुद्धा आत कुठंतरी एक बारीकशी कळ उठली, आज आपली कहाणी रंगली नाही याची. ती कळ त्यांनी ओळखली. त्यांचे कान गरम झाले. समोर बसलेल्या रिसोलतला ती दिसली असेल का, या भीतीनं त्यांनी डोळे मिटले, आणि तसंच, मिटल्या डोळ्यांनी, कहाणीचं उरलेलं शेपूट पुरं केलं.